तिला ताप नव्हता

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही अडलं की मी अजून तुमच्या टेबलाकडेच बघते. ते टेबल आता माझ्या ऑफिसात आहे. त्यावर माझ्या नावाची पाटी आणि नावाखाली 'अध्यक्ष, वकील संघटना'. तुम्ही हसला असतात. आज रविवार, दुपारची वेळ, सर्जापूर रोडच्या या मजल्यावर माझ्याशिवाय कोणी नाही. सकाळपासून फोनमधली नावं वरखाली करून झाली. सगळे वकील, सगळे मला दुरूनच नमस्कार करतात, आणि एकालाही हे सांगता येत नाही. फार एकटं वाटतंय, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

येलहंक्याच्या एका बाईंचं अपील माझ्या हातून गेलं. जन्मभर शिवणकाम करून त्यांनी घरापुरती जागा घेतली, शेजाऱ्याने तिच्यावर हक्क सांगितला आणि खालच्या कोर्टात आम्ही हरलो. निकालाची प्रत माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली आणि अपिलाची मुदत टळली. मी तेव्हा कुठल्या गडबडीत होते सांगू? संघटनेच्या सभासदांसाठी विमा काढत होते. वकिलाच्या चुकीने पक्षकाराचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा! हॉलभर तरुण वकिलांना मी त्यातली अट दोनदा वाचून दाखवली: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय आपली चूक कोणापाशीही कबूल करायची नाही. टाळ्याही पडल्या.

मग उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला. त्यात लिहिलं, की पक्षकार तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. असं सर्रास लिहितात, तुम्ही मात्र कधी लिहू दिलं नाहीत. सहीला आलेल्या बाईंना मजकूर वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "मला कुठं ताप होता, मॅडम?"

"तसं लिहावं लागतं."

"सरी, बरं, तुम्ही म्हणता तर." त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

कोर्टाने अर्ज फेटाळला. मी त्यांना एवढंच सांगितलं, की कोर्ट नाही म्हणालं. त्यांनी माझीच समजूत काढली. "तुम्ही तरी काय करणार? स्वल्प विश्रांती घ्या, चेहरा किती उतरलाय." जाताना फायलींसाठी स्वतः शिवलेली एक कापडी पिशवी ठेवून गेल्या. खरं कारण कळलं तर त्या दुसरा वकील करून वरच्या कोर्टात जाऊ शकतात. अजून थोडे दिवस हातात आहेत, आणि ते माझ्या गप्प बसण्यात चाललेत.

मला सारखी मारतहळ्ळीची ती संध्याकाळ आठवते. तिथे तेव्हा आयटीवाल्यांचा मागमूसही नव्हता. मी तुमच्या हाताखाली नवखी वकील होते, तुमच्या डायरीत चुकीची तारीख लिहिली होती, कोर्टात कोणी उभं राहिलं नाही आणि एका हॉटेलवाल्याचा दावा गैरहजेरीमुळे फेटाळला गेला. तुम्ही गळ्यातला पांढरा बँड काढून खिशात घालता आणि मला रिक्षात बसवून थेट त्याच्या घरी नेता. दारातच सांगता, "तारीख चुकीची लिहिली गेली. चूक माझ्या ऑफिसात झाली, म्हणजे माझी." तो माणूस संतापतो, वाट्टेल ते बोलतो, विचारतो, "तारीख लिहिली तरी कोणी?" तुम्ही म्हणता, "सांगितलं ना, चूक माझी." त्याचं बोलून संपेपर्यंत तुम्ही खुर्चीवरून हलत नाही. मग त्याची बायको कॉफी आणते, तीही तुम्ही शांतपणे पिता. परतताना रिक्षात एवढंच म्हणालात, "पक्षकार चिडला की उठायचं नाही गं, बसून राहायचं." मला रागावला नाहीत. मला मेलीला तेव्हा हायसं वाटलं होतं.

विमा कंपनीला मी कळवलंय, त्यांचं उत्तर यायचंय. तोवर तोंड उघडता येत नाही, अशी मी रोज स्वतःची समजूत घालते. पिशवी समोरच्या खुंटीवर आहे. तिच्यात मी अजून एकही फाईल घातलेली नाही.

अण्णा, हॉटेलवाल्याने तारखेचं विचारलं तेव्हा मी तुमच्या खुर्चीमागेच उभी होते, डायरी छातीशी धरून. तेव्हाही मी तोंड उघडलं नव्हतं. आणि तेव्हा मला कुठल्याही कंपनीची अट नव्हती.