रथसप्तमीपर्यंत डेक

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी
संकल्प. डेक दुरुस्त करणे. बाकी सगळं नंतर.

मेघना दिवाळीपासून माहीमला आईकडे आहे. आकाशकंदील लावताना आपल्या गच्चीतल्या लाकडी डेकची फळी मोडली आणि तिचा पाय आत गेला. फ्रॅक्चर. तिच्या आईकडे लिफ्ट आहे, इथे तीन जिने, म्हणून तिकडे. प्लास्टर निघूनही बरेच दिवस झाले. काल फोनवर विचारलं, कधी येतेस. म्हणाली, "आधी तो डेक नीट करा, मग बघू."

म्हणजे प्रश्न फक्त डेकचा आहे. हे कळल्यावर फार हलकं वाटलं.

रात्री
एक्सेलमध्ये प्लॅन केला. रंग दिले. शेवटची तारीख रथसप्तमी, ४ फेब्रुवारी. मेघनाचं हळदीकुंकू दरवर्षी त्या दिवशी, आपल्या डेकवरच असतं. अख्ख्या बिल्डिंगच्या बायका. दादरमध्ये कोणाच्या घराबाहेर लाकडी डेक आहे? अलिबागच्या रिसॉर्टमध्ये पाहून मी स्वतः घातलेला.

रुचाचा पुण्याहून फोन. म्हणाली, बाबा, सुतार बोलाव. मुलीला बापावर विश्वास नाही. इन्शुरन्समध्ये क्लेम्स डिपार्टमेंट सांभाळलेला माणूस चार फळ्या सांभाळू शकत नाही?

४ जानेवारी
रे रोडला लाकडाच्या वखारीत गेलो. हितेंद्रभाईंनी विचारलं, कुठलं लाकूड, किती जाड. आपल्याला कळत नाही हे कळू द्यायचं नाही म्हणून मी फळीवर टिचकी मारली आणि मान हलवली. ते म्हणाले, जहाजातून निघालेला माल आहे. जहाजावर टिकलं ते दादरला टिकणारच. घेतलं.

टेम्पोवाल्याने फळ्या खाली गेटपाशी टाकल्या आणि गेला. मजूर कशाला? स्वतः चढवल्या. म्हणजे सुरुवात केली.

७ जानेवारी
कंबर. तीन दिवस आडवा. फळ्या अजून पहिल्या जिन्यावर. सेक्रेटरींनी नोटीस लावली, नाव न घालता.

मेघनाला फोन केला. कंबरेचं ऐकून म्हणाली, बाम लावा. मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं. सकाळी समुद्रावर चालायला जाते, तिथला ग्रुप जमलाय म्हणे. माझ्या काळजीने एकटीला घर खायला उठत असणार, म्हणून बायका गोळा करते.

८ जानेवारी
मजूर बोलावले. फळ्या वर. हे प्लॅनमध्ये होतंच, फक्त लिहिलं नव्हतं.

११ जानेवारी
जुन्या फळ्या काढल्या. खाली कबुतरांचं काय काय होतं ते लिहीत नाही. नव्या फळ्या एका रुंदीच्या नाहीत. जहाजात बहुतेक तशीच पद्धत असावी. दोन फळ्यांमध्ये पाणी जायला फट लागतेच, आपल्याकडे ती कुठे बोटभर आणि कुठे मूठभर आहे.

घासायचं मशीन भाड्याने आणलं. अर्ध्या तासात खालचे गुणाजी वर आले. मिलमध्ये होते, तब्येत अजून तशीच, दारात उभे राहिले की मागचं काही दिसत नाही. म्हणाले, "साहेबांनू, आमच्या कालवणात तुमचो डेक पडता हा." त्यांच्या किचनच्या छताचे पोपडे सुटलेत. मी समजावलं की बिल्डिंग जुनी आहे, याचा मशीनशी संबंध नाही. मशीन बंद केलं तेव्हा पोपडे पडायचे थांबले. योगायोग.

१४ जानेवारी. संक्रांत
माहीमला गेलो. मेघना ग्रुपबरोबर कुठेतरी गेलेली. सासूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी, लाडू दिला. मी त्यांना डेकची प्रगती सांगितली, मोबाइलवर फोटो दाखवले. सतराव्या फोटोला त्यांचा डोळा लागला. तासभर बसलो. मेघना आली नाही.

बाहेर पडताना तिच्या खोलीत डोकावलो. खिडकीत तुळस लावलीये. नवीन पडदे. पाहुण्या बाईने पडदे का शिवावेत, हा प्रश्न टॅक्सीत डोक्यात आला. मग आठवलं, सासूबाईंची नजर कमी झालीये, पडदे त्यांच्यासाठी असणार.

१९ जानेवारी
फळ्या ठोकून झाल्या. डुगडुगतात, पण सगळ्या एकदम डुगडुगत नाहीत.

आता तेल. उघड्यावरच्या लाकडाला तेल पाजावं लागतं, असं इंटरनेटवर आहे. हार्डवेअरवाल्याने बेलतेल दाखवलं, लाकडाला लावायचं जवसाचं तेल. वास घेतला, घासलेटासारखा. कसली भेसळ कोण जाणे. आपल्या घरी मेघनाने इतकी वर्षं लाकडी घाण्याच्या तेलाशिवाय दुसरं तेल येऊ दिलं नाही. तिच्या डेकला भेसळ? घाण्यावर गेलो, शेंगदाण्याचं मोठे दोन कॅन घेतले. मालकाने विचारलं, लग्नकार्य आहे का. मी म्हटलं, तसंच समजा.

संध्याकाळी
अप्रतिम. लाकूड असं चमकतंय की बघत राहावं. मेघनाला फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. शब्द सुचले नसणार.

२१ जानेवारी
तेल अजून ओलं आहे.

२२ जानेवारी
ओलं. मुंग्या.

२३ जानेवारी
मुंग्यांची रांग थेट बेडरूममधून. मेघनाच्या बाजूच्या गादीवरून जाते. कबुतरांची पिसं चिकटलीत. रात्री उंदीर येऊन फळी कुरतडत होते. याचा अर्थ लाकूड अस्सल आहे.

२४ जानेवारी
तेल शोषून घ्यायला ज्वारीचं पीठ भुरभुरवलं. युक्ती माझीच. पिठाने तेल शोषलं, मग दोन्ही मिळून फळीला चिकटून बसले. उलथन्याने खरवडावं लागतंय. संध्याकाळी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण ओतला. ते पाणी गुणाजींकडे उतरलं. शांताबाई वर आल्या, त्यांची मिसेस. भांडायच्या तयारीने आल्या होत्या, डेक बघून भांडणच विसरल्या. मग म्हणाल्या, वहिनी कधी येतायत? मी म्हटलं, रथसप्तमीला. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली गेल्या आणि वाटीभर भात-आमटी पाठवली.

एवढ्या नुकसानीवर कोणी आमटी पाठवतं? विचार करत बसलो. आमटी चांगली होती.

२६ जानेवारी, रविवार
मेघना आली!

न सांगता, दुपारी. तीन जिने चढून, काठीशिवाय. मी घाईघाईने डेकवर सतरंजी टाकली. ती दारातच थांबली. म्हणाली, फरसाणाचा वास कसला येतोय. मग कपाट उघडून चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि करंडा काढला आणि पिशवीत ठेवला. पॉलिश करायला नेत असणार, आपल्या हळदीकुंकवासाठी. मला भरून आलं.

ती म्हणाली, "अहो, रथसप्तमीचं मी तुम्हाला सांगायला आलेय." मी म्हटलं, तू कसलीही काळजी करू नकोस, खुर्च्या कुठे, पाट कुठे, सगळा प्लॅन तयार आहे, आणि हा कोपरा बघ. ती परत म्हणाली, सांगायचंय. मी म्हटलं, आधी कोपरा बघ. तिने कोपरा बघितला. म्हणाली, "तुम्ही ऐकत नाही." मी म्हटलं, ऐकतोय.

चहा न घेता गेली. जिन्यात शांताबाईंशी बराच वेळ बोलली. आमंत्रण.

२९ जानेवारी
झोप नाही. दिवसभर हाताने पॉलिशपेपर मारतोय. कागद तेलाने बरबटून जातो, दुसरा घ्यायचा, तोही बरबटतो. रुचाचा फोन. ती म्हणाली, बाबा, आईशी बोललास का? मी म्हटलं, डेक झाला की बोलणार. ती म्हणाली, "डेक झाला नाही तर?" काय प्रश्न आहे. मी फोन ठेवला आणि फळीवरच बसून राहिलो. उठताना पँट फळीलाच चिकटलेली.

होणारच. न होऊन चालणार नाही.

२ फेब्रुवारी
उपाय सापडला. प्लॅस्टिकचं हिरवं गवत. अख्ख्या डेकवर अंथरलं, कडा खिळ्यांनी ठोकल्या. मुंग्या खाली राहतील, त्यांचं त्या बघतील. डुगडुगणाऱ्या फळ्यांवर कुंड्या ठेवल्या, म्हणजे तिथे कोणी पाय ठेवणार नाही. डेक पूर्ण. दोन दिवस आधी!

मेघनाला फोन. उचलला नाही. मेसेज केला: डेक नीट झाला. निळ्या टिका.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी
दुपारी ३. आंघोळ, झब्बा. फुलबाजारातून गजरे आणले. खुर्च्या, पाट, समई. ती येईल ते डायरेक्ट साडी नेसूनच येईल.

दुपारी ४. जिन्यात बांगड्यांचे आवाज. दार उघडून बघितलं. बिल्डिंगच्या बायका नटूनथटून खाली उतरतायत. वर यायच्या तर उतरतायत का? वाण आणायला चालल्या असतील. मला बघून सगळ्यांनी साड्या सावरल्या.

संध्याकाळी ६. कोणी नाही. गजरे फ्रीजमध्ये ठेवले.

रात्री ८. शांताबाई आल्या. नाकात नथ, कपाळभर कुंकू, हातात वाणाची स्टीलची गाळणी. दारातच म्हणाल्या, "वहिनींनी यंदा माहीमलाच केलं हळदीकुंकू. तुमका म्हायत नाय?"

मी म्हटलं, आहे ना.

त्यांनी एक डबी दिली. तिळाच्या वड्या. वहिनींनी दिल्यात, उरल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, सगळ्यांना सांगितलंय वहिनींनी, पुढच्या वर्षी पण माहीमलाच या. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का. शांताबाई पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, जेवून घ्या साहेब.

डेकवर जाऊन बसलो. ती येणार नाही. डेक सागवानाचा केला असता, संगमरवराचा केला असता, तरी आली नसती. हे मला केव्हा कळलं ते ठरवता येत नाही. रडलो. वड्या खाल्ल्या, सगळ्या.

५ फेब्रुवारी
डेकला हात लावला नाही. सकाळी माहीमला फोन केला. ठरवलं होतं, डेकबद्दल एक शब्द काढायचा नाही. तिने हॅलो म्हटलं, मी हॅलो म्हटलं. मग मी बोलायला विषय शोधत राहिलो, पण डेकशिवाय दुसरा सापडेना. शेवटी तिनेच विचारलं, ऐकताय ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, गॅसवर दूध आहे, ठेवते.