दाराच्या रंगाचं बदक

ईस्टन, रविवार

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे आणि बाबांचा जाड कोटच घालतोय, तेव्हा उगाच घोर लावून घेऊ नकोस. तुझ्या हाताची थरथर कशी आहे? बेटावर वारा सुटला असेल, धक्क्यावर एकटी जाऊ नकोस.

काल इथल्या बाजारात माझ्या संग्रहासाठी शिकारीची जुनी लाकडी बदकं बघत होतो, तर एक चक्क बाबांच्या हातचं निघालं! शेपटीखाली त्यांची ती तिरकी खूण आहे.

विकणारा ओशाळून म्हणाला, "कोरलंय झकास हो, पण कुण्या अडाण्याने मूळ रंगावर दाराचा हिरवा रंग फासलाय. थांबा, खरवडून देतो."

मी बदक हिसकावूनच घेतलं. म्हटलं, "तो अडाणी म्हणजे माझी आई! शिकारीच्या मोसमात खरी बदकं भुलवायला बाबा ही पाण्यात सोडायचे, म्हणून दर मोसमाआधी स्वयंपाकघराच्या दाराचा उरलेला रंग तीच लावायची." बिचारा इतका वरमला, की तुझी तब्येतच विचारत बसला.

वरचा रंग तसाच ठेवला म्हणून बाकीचे संग्राहक मला येड्यात काढतात. काढू देत.

बदकाच्या डोक्यावरचा रंग थोडा उडालाय. नाताळला बदक घेऊन येतोय, जुना ब्रश भिजत घालून ठेव. हात थरथरला तर थरथरू दे, रंग तूच लावायचास.

तुझाच,
लायल