इंजिन बंद करण्याआधी तीन मिनिटांची मुदत मिळणेबाबत

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक साहेब,
तालुका मोटार तपासणी शिबिर,
मुक्काम वरकुटे, ता. इंदापूर, जि. पुणे.

अर्जदार : म्हस्कू सोमा पाडुळे, वय ५६, धंदा शेती (पूर्वी ड्रायव्हर), रा. कळस, ता. इंदापूर.

विषय : पेट्रोल टर्बो मोटारीचे इंजिन बंद करण्याच्या हुकमानंतर तीन मिनिटांची मुदत मिळणे, तसेच जप्त मोटार चालविल्याबद्दलचा खुलासा.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १९ नोव्हेंबर १९९७.
२) आपल्याच कार्यालयाची नोटीस, दि. १२ डिसेंबर १९९७ (आपण दवाखान्यात असताना आपल्याकरिता दुसऱ्याने सही केलेली).

महोदय,

वरील दोन्ही नोटिसा मला पोचल्या. पहिलीत, मी आपला हुकूम का मोडला असे विचारले आहे. दुसरीत, जप्त मोटार कोणाच्या परवानगीने चालवली आणि तीत बसलेल्या इसमाचे नाव काय, असे विचारले आहे. दोन्हींची उत्तरे एकमेकांत अडकलेली असल्याने एकच अर्ज करीत आहे. अर्ज लांबला आहे, पण आपणास सध्या विश्रांती सांगितली आहे असे कळते, म्हणून वाचून व्हावा ही विनंती.

१. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मोटार हाकलेली नाही. वडील मेंढरे राखत. मी बारामतीच्या एका कारखान्यात ड्रायव्हर लागलो आणि तिथे यंत्रे बसवायला आलेल्या ओकुनो नावाच्या जपानी साहेबांची गाडी सहा वर्षे चालवली. पोचल्यावर इंजिन मात्र साहेब स्वतः बंद करीत. गाडी त्यांनी बोटीने आणली होती, जकातीचे कागद पुरे आहेत. १९९४ साली मायदेशी जाताना त्यांनी ती मला रीतसर बक्षीसपत्र करून दिली. गाडी देताना ते खूप काही सांगत होते व घड्याळाकडे बोट दाखवत होते. विमानाला उशीर होतोय असे समजून मी मान हलवली. ती माझी पहिली चूक.

२. तपासणी तक्त्यात इंजिनाच्या रकान्यात आपण 'पेट्रोल' एवढेच लिहिले आहे. तरी पूर्ण माहिती देतो. चार सिलिंडर, अठराशे सीसी, ताकद एकशे पस्तीस घोड्यांची, ऑईल चार लिटर, सोबत टर्बो. टर्बो म्हणजे एका दांड्यावर दोन पंखे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर पहिला पंखा फिरवतो, त्यामुळे दुसरा फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त जोर. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. हे मला बारामतीच्या भिमा मिस्त्रीने सांगितले, मी मोजलेले नाहीत.

हा जोर लगेच येत नाही. पेडल दाबल्यावर माणसाने एकदा सावकाश 'बिरोबाच्या नावानं चांगभलं' म्हणावे, मग येतो. तोवर गाडी बैलागत चालते. याशिवाय रबरी पाईप निसटणे, भेसळीच्या पेट्रोलने इंजिनात ठोके वाजणे, हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑईल पिणे, अशा तक्रारी आहेत. त्यांबद्दल माझे काही म्हणणे नाही.

३. म्हणणे आहे ते बंद करण्याबद्दल. मार्च १९९६ च्या तपासणीला मी कळसहून गाडी जोरात आणली. आपल्या आधीचे साहेब म्हणाले, "बंद कर." सरकारचा शब्द म्हणून मी तत्काळ बंद केली. पंधरा दिवसांत मागून निळा धूर येऊ लागला. धूर एवढा की, हिवतापाची फवारणी चालू केल्याबद्दल ग्रामपंचायतीने माझे आभार मानले. शेजारच्या दगडाबाईंनी मात्र वाळत घातलेली लुगडी घरी आणून दाखवली.

भिमा मिस्त्रीने टर्बो खोलला. आत डांबरासारखे काळे साचले होते. तो म्हणाला, "आबा, गाडी पळवून आणली की ह्यो तव्यागत लाल असतुया. तुमी फटकन बंद करता, ऑईलचा पंप थांबतो, पर ह्यो फिरतच ऱ्हातो. आतलं ऑईल जळून दांडा धरतो. तीन मिनिटं नुसती चालू ठिवा, गार हुंद्या, मग बंद करा." ओकुनो साहेब घड्याळ का दाखवत होते ते मला तेव्हा कळले. सुटे भाग मिळेनात म्हणून भिमाने लेथवर दांडा घडवला. त्याला सात महिने लागले. असा दांडा दुसऱ्यांदा जमेल याची खात्री नाही, असे त्याने तेव्हाच सांगून ठेवले.

४. तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी पोचल्यावर तीन मिनिटे गाडीत बसून राहतो. याचा त्रास मोजण्यापलीकडे आहे. साडूच्या मयताला गेलो तेव्हा गाडी चालू ठेवून आत बसलो, तर मी खांदा द्यायला टाळतोय अशी चर्चा झाली व साडूच्या घरचे आजही बोलत नाहीत. पेट्रोल पंपावर चालू गाडीत पेट्रोल घालत नाहीत, ते योग्यच आहे. म्हणून मी पंपाच्या अलीकडे थांबतो, तीन मिनिटांनी बंद करतो आणि गाडी ढकलत आत नेतो. पंपावरचे लोक बॅटरी बदला म्हणून सांगतात. मी हो म्हणतो. पत्नी गोजरबाई सुरुवातीला सोबत बसायची. आता ती उतरते आणि म्हणते, "बसा तुमी माझ्या सवतीपाशी." एकदा उन्हाचे तिने आतच बसून शेंगा सोलल्या, तेवढा एक फायदा झाला.

५. दि. १८ नोव्हेंबर रोजी आपण वरकुट्यात गाडी तपासली. आपण म्हणालात, "इंजिन बंद करा." मी म्हणालो, "साहेब, तीन मिनिटं." आपण म्हणालात, "मी काय विनंती करतोय का? बंद करा." मी म्हणालो, "बंद करतोच हाय साहेब, पर तीन मिनिटांनी." आपण पेन काढून लिहू लागलात. 'शासकीय आदेशाचा हेतुपुरस्सर अवमान' हे शब्द लिहून होईतो तीन मिनिटे झाली आणि मी बंद केली. म्हणजे हुकूम मानला, उशिरा मानला. तरी आपण गाडी जप्त केलीत व लायसन जमा करून घेतलेत. मागे उभे असलेले लोक हसले, त्याचा आपणास राग आला असावा. ते मला हसत होते.

६. गाडी आपल्या आवारात उभी राहिल्यापासून मी दर दोन दिवसांनी एसटीने वरकुट्याला येऊन तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहत असे. त्याला आपण 'कार्यालयावर पाळत' असे म्हटल्याचे कळले. पाळत नव्हती. बॅटरी उतरू नये म्हणून आपले जीपचालक गेणू गाडी चालू करतात व लगेच बंद करतात. ते बघून जिवाची तगमग होई. मी बाहेरून ओरडून सांगत असे. पुढे पुढे गेणू मला बघूनच तीन मिनिटे मोजू लागले. त्यांचे उपकार आहेत.

७. आता दुसरी नोटीस. दि. ९ डिसेंबरला दुपारी मी असाच कुंपणाशी होतो. आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. गेणू पळत बाहेर आले व म्हणाले, "आबा, सायबांच्या छातीत कळ आलीया. घामानं भिजल्यात. जीपचा सेल्फ उठंना."

मी म्हणालो, "माझ्या गाडीची किल्ली आण."

"ती जप्त हाय."

"गेणू, आता सायबच जप्त व्हायची येळ आलीया. किल्ली आण."

त्यांनी आणली. परवानगी कोणाची, असे नोटिशीत विचारले आहे. परवानगी देणारे अधिकारी त्या वेळी मागच्या सीटवर आडवे होते. बसलेल्या इसमाचे नाव आपणास माहीत आहे. तो इसम बसलेला नव्हता, एवढी दुरुस्ती करावी.

८. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. एकेका ट्रॉलीमागे चांगभलं म्हणून मी गाडी काढत होतो. आपण डोळे उघडून विचारलेत, "शिट्टी कोण वाजवतंय?" मी म्हणालो, "टर्बो हाय साहेब. पडून ऱ्हावा." थोड्या वेळाने विचारलेत, "अजून किती?" मी म्हणालो, "आलंच." तेव्हा निम्मा रस्ताही झाला नव्हता. सरकारी नोकराला खोटी माहिती दिल्याचा गुन्हा मला कबूल आहे.

त्यानंतर आपण बोलला नाहीत. गेणू आपले डोके मांडीवर घेऊन रडत होते. मला आरशात आपली छाती दिसत नव्हती, फक्त एक पाय दिसत होता. मी भ्यालो होतो. माणूस बोलत राहिला की दुसरा जागा राहतो असे ऐकले होते आणि बोलायला दुसरे काही सुचेना, म्हणून परिच्छेद दोनमधील सगळी माहिती मी आपणास तेव्हाच तोंडी दिली आहे. आपण मध्येच "हं" म्हणालात. मला इतके बरे वाटले की मी ती पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

९. बारामतीला दवाखान्याच्या दारात ऑक्सिजनची नळकांडी उतरत होती. रखवालदार आडवा आला व म्हणाला, "आधी इंजिन बंद, मग आत." गाडी पाऊण तास तुडवत आणलेली, टर्बो निखारा झालेला. मी तीन मिनिटे मागितली नाहीत. किल्ली फिरवली, आपले खांदे मी धरले, पाय गेणूंनी. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणले.

संध्याकाळी गाडी पुन्हा आपल्या आवारात नेऊन लावली, कारण ती जप्त आहे. वाटेतच निळा धूर सुरू झाला होता. घरी गेल्यावर गोजरबाईने विचारले, "लगीच बंद केली व्हय?" मी हो म्हणालो. तिने ताट मांडले. मग भाकरी वाढताना म्हणाली, "बरं केलंसा." लग्नाला पस्तीस वर्षे झाली, गाडीच्या बाबतीत तिने मला बरे म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

१०. तरी विनंती की,

(अ) पहिल्या नोटिशीचा निकाल कायद्याने द्यावा. मी आपणास दवाखान्यात नेले म्हणून सवलत नको. त्या दिवशी तीन मिनिटे मी हुकूम मोडला होता आणि गाडी धडधाकट असती तर पुन्हा मोडला असता.

(आ) दुसऱ्या नोटिशीतील दंड करायचाच असेल तर एकट्या मला करावा. गेणूंनी किल्ली माझ्या दमदाटीने दिली.

(इ) टर्बो असलेल्या वाहनास 'बंद करा' म्हटल्यापासून तीन मिनिटांची लेखी मुदत असावी. तालुक्यात असे वाहन माझे एकटेच आहे, तरी नियम असावा.

(ई) गाडी लवकर सोडावी. धुरामुळे आपल्या कार्यालयाच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात असे गेणू सांगतात. भिमा मिस्त्री पुन्हा दांडा घडवून बघतो म्हणाला आहे, खात्री देत नाही.

आपली तब्येत सुधारत असल्याचे ऐकून समाधान वाटले. जिना चढू नये. सुनावणीस मी एसटीने येईन, खालीच थांबेन.

कळस, दि. २२ डिसेंबर १९९७

आपला आज्ञाधारक
(दि. १८ नोव्हेंबरची तीन मिनिटे वगळून),
म्हस्कू सोमा पाडुळे

सोबत :
१) दोन्ही नोटिशींच्या नकला.
२) भिमा मिस्त्रीचा दाखला, ऑईलच्या डागासह.
३) आपला डाव्या पायाचा बूट. गाडी आवारात लावताना मागच्या सीटखाली सापडला. जप्त वाहनातील वस्तू काढता येते की नाही हे माहीत नाही, पण एकट्या बुटाला तिथे सोडवेना. पॉलिश गोजरबाईने केले आहे. पोच मिळावी.