उर्वीच्या ब्लॉगवरचा नवा लेख

आई,

पुण्याहून तुझ्या ऋतुजाचा नमस्कार. मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

आत्याच्या फोनवरून कळण्याआधी एक गोष्ट मीच सांगते. आपली उर्वी जाऊन आठ महिने झाले, पण मंगळवारी तिच्या पुस्तकांच्या ब्लॉगवर नवा लेख आला. घाबरू नकोस. दवाखान्यात असतानाच तिनं तो लिहून पुढची तारीख लावून ठेवला होता. वाचताना मी दोनदा मागं वळून पाहिलं.

तिच्या वाचक मुली विचारत होत्या, "उर्वीताई, बरी झालीस?" शेवटी मी खरं ते सांगितलं.

लेख एका किशोर कादंबरीवर आहे. त्यात तिनं लिहिलंय, "या मुलीची आई पुस्तकं फाडते. माझी आई सोलापूरच्या नवी पेठेतून कामावरून दमून येते, रागावते, पुस्तक हिसकावते. पण मिटताना पानात खूण घालते की!"

वाचनावरून तिला बोललीस म्हणून अजून रडतेस ना? तिला सगळं दिसत होतं, आई.

तिच्या पासवर्डनं ब्लॉग उघडला, तर तिच्या वाढदिवसाची तारीख लावलेला आणखी एक लेख आहे. तो मी उघडला नाही. त्या दिवशी सोलापूरला येते. आपण दोघी मिळून वाचू.

बाबांना सांभाळ.

तुझी,
ऋतुजा