ओवाळणी

धर्मराजकाका,

काल पाया पडू दिलं नाहीत, म्हणून कागदावर पडतो. हा कागदही तुमच्यापर्यंत यायचा नाही.

गावातली आपली घरं पाडू नका, कायदेशीर करा म्हणत आपण दोघं दोन निवडणुका फिरलो आणि दोन्ही हरलो. या वेळी पक्षाने सांगितलं, मतं सीवूड्सच्या टॉवरमध्ये आहेत, पार्किंगचं बोला. मी पार्किंगचं बोललो आणि आमदार झालो.

काल मिरवणूक तुमच्या दारात आली तेव्हा तुम्ही आत निघून गेलात. पुतळाकाकीने मला ओवाळलं आणि हळूच विचारलं, "आवरे दिस घर पाराची नोटीस आली का तुज्याकरं येत व्हतो. आता कोनाकरं जावाचा रं?"

"माझ्याकडेच ये," मी म्हणालो.

तिने ओवाळणीची नोट ताटातून उचलून माझ्या हातात परत ठेवली.

दोनदा हरलेला, तुमचा
हितेश