माणूस एक, चालू स्थितीत

तीर्थरूप आत्यास,

भिंगरीचा बसल्या बाकावरून नमस्कार. (पुरता वाकता येत नाही, मांडीवर कागद आहे. उरलेला नमस्कार समक्ष करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? शिवणयंत्राचा पट्टा पुन्हा निसटायला लागला का? लागला असेल तर त्यावर मेणबत्ती घास, तेल घालू नकोस, तेलाने तो आणखी माजतो. मी खुशाल आहे. नुसता खुशाल नाही आत्या, जिंकलेला आहे, आणि तेही सरकारी कागदावर.

हे पत्र घेऊन जे गृहस्थ दारात उभे असतील, उंच, डाव्या कानात कापसाचा बोळा, त्यांना आधी पाणी दे. बोलायचं ते उजव्या बाजूने बोल. ते 'नको, उभाच बरा' म्हणतील, पण त्यांना बसव, कारण तुझं पत्र वाचून होईपर्यंत थांबणं त्यांना भाग आहे. का, ते ओघात येईल.

सोमवारी संध्याकाळपर्यंत येतो म्हणून गेलो आणि आज शुक्रवार उजाडला, म्हणजे तू काय समजली असशील ते मला इथून ऐकू येतंय. 'गेला. बोटीवर रंग द्यायला गेला होता तसा गेला, मधमाश्यांच्या पेट्या वाहायला गेला होता तसा गेला.' तर नाही. मी कुठेही पळालेलो नाही. उलट जन्मात पहिल्यांदा चार दिवस एका जागी आहे. तू आतोबांची निळी गाडी माझ्या हाती देताना म्हणालीस, "हे बेचाळीस पडदे वसतिगृहात सरळ पोचव आणि सरळ परत ये. एवढं एक काम सरळ केलंस तर मागची खोली तुझी. नाहीतर तुझी पिशवी आणि तुझा रस्ता." हे वाक्य मी घोकत निघालो होतो. मागच्या खोलीत खाट कुठे टाकायची तेही ठरवून झालं होतं. (खिडकीखाली नको, तिथे ऊन येतं. पण सांगायचं ते वेगळंच.)

हायवेवर निम्म्या वाटेत गाडीच्या नाकातून वाफ यायला लागली. मी शहाण्यासारखी ती रस्त्याच्या पार कडेला घेतली, नाल्यातून पाणी आणलं (तेव्हाच फोन खिशातून नाल्यात गेला, त्याला माझा निरोप), आणि इंजिन निवायची वाट बघत बसलो. इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडू नये हे मला आतोबांनीच शिकवलं होतं, तेव्हा पुढे जे झालं त्यात थोडा वाटा त्यांचाही आहे. ऊन मी म्हणत होतं. पडद्यांसाठी मागची सीट तूच काढायला लावली होतीस. मी आत शिरलो, पडद्यांखाली लांबच्या लांब पडलो, आणि डोळा लागला. आत्या, तुझ्या शिवणीची मला आजवर कदर नव्हती. अस्तर लावलेल्या पडद्याखाली जी झोप लागते ती राजाला लागत नसेल.

जाग आली तेव्हा पाय वर होते, डोकं खाली होतं आणि सगळा अंधार हळूहळू पुढे सरकत होता. मला वाटलं, आटोपलं. वर जाताना माणसाचे पाय आधी जातात हे कोणी सांगितलं नव्हतं. मग एक धक्का बसला, पडदे बाजूला झाले, आणि कळलं की आपली गाडी पुढून उचलून एका टोचनच्या ट्रकला अडकवलेली आहे आणि मी तिच्यातून उलटा चाललोय. मी ओरडलो. काच खाली करून पडदा फडकवला. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या कुटुंबाने उत्साहाने हात हलवून मला निरोप दिला. ट्रकवाल्याला मात्र काही पत्ता नाही, कारण त्याच्या डाव्या कानात कापसाचा बोळा आणि उजव्या बाजूला रेडिओ. (होय, तेच ते. पाणी दिलंस ना?)

टोचनचं आवार म्हणजे पत्र्याचं कुंपण, आत गाड्यांच्या रांगा, काहींच्या टपावर गवत उगवलेलं. मी मागच्या दाराने बाहेर आलो तेव्हा टोचनदादांच्या हातातली साखळी त्यांच्याच पायावर पडली. "अहो, ही गाडी बेवारस आहे!" ते एका पायावर नाचत म्हणाले. मी म्हटलं, वारस तुमच्यासमोर उभा आहे. म्हणजे वारस आत्या आहे, पण मी तिचा सख्खा भाचा. ते म्हणाले, मला नका सांगू, खिडकीवर सांगा.

खिडकीत कारकूनबाई होत्या. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात, आणि समोर एवढी थोरली वही. त्यांनी मला हायवे पोलिसांचा फॉर्म दाखवला. 'चालक गायब. गाडी बेवारस. रस्त्यास अडथळा.' खाली चौकीच्या साहेबांची सही.

"पण मी इथे आहे ना," मी म्हटलं.

"ते मला दिसतंय. कागदाला दिसत नाही." आणि त्या शांतपणे गाडीतल्या सामानाची यादी करायला लागल्या. पडदे, नग बेचाळीस. पाण्याची बाटली, एक. चप्पल, एक जोड. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघून त्यांनी लिहिलं, 'माणूस, एक', आणि स्थितीच्या रकान्यात, 'चालू'.

मी म्हटलं, बाई, हे काय? त्या म्हणाल्या, "आत जे असेल ते सगळं लिहायचं. मागे एकदा मी एक छत्री लिहिली नाही, तर मालकाने माझ्या दारात तीन दिवस बोंब मारली. आता मी काड्यापेटीसुद्धा सोडत नाही." बरं, लिहिलं तर लिहिलं, पण पुढची मेख ऐक. यादीतलं सामान आवाराबाहेर न्यायचं तर मालकाची सही लागते. म्हणजे मी सामान, आणि मालक तू. सात दिवसांत मालक आला नाही तर सगळ्याचा लिलाव. तुला बोलवायला बाईंचा फोन समोरच होता आत्या, पण तुझं 'तुझी पिशवी आणि तुझा रस्ता' आठवलं आणि हात पुढे होईना. म्हटलं, हे निस्तरूनच तोंड दाखवू.

दोन दिवस मी आपल्या गाडीतच राहिलो. त्यात टोचनदादांशी गट्टी जमली. (माणूस वाईट नाही, साखळीचा धाक फार दाखवतो एवढंच.) आणि एकदा त्यांच्या ट्रकमध्ये मला तो सापडला. फॉर्मचा गठ्ठा. गाडीचा नंबर कोरा, तारीख कोरी, वेळ कोरी, पण खाली प्रत्येकावर साहेबांची ठसठशीत सही. मी म्हटलं, हे काय लग्नाच्या पत्रिका वाटताय का? दादा ओशाळून म्हणाले, "साहेब सकाळी चौकीतच पन्नास सह्या करून देतात. मग दिवसभर त्यांना उन्हात यावं लागत नाही. बदल्यात दुसऱ्या कोणाच्या ट्रकला ते बोलवत नाहीत. मी गाडी उचलतो आणि लिहितो, चालक गायब." मी विचारलं, आत बघत नाही का हो कधी? तर म्हणे, आत बघायला त्या फॉर्मवर रकानाच नाही.

माझं डोकंच सटकलं. गवत उगवलेल्या त्या गाड्यांचे चालक काय सगळे हवेत विरले होते? कोणी पाणी आणायला गेला असेल, कोणी आडोशाला गेला असेल! तेवढ्यात कारकूनबाईंनी पेन्सिलीने भिंतीकडे बोट केलं. तिथे कॅलेंडरच्या मागे एक नोटीस होती. टोचनवाले आणि हायवे पोलीस यांच्यासाठी नवे नियम करायचे आहेत, बुधवारी सुनावणी, ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनी यावं. मी म्हटलं, मी जातो. बाई म्हणाल्या, तुम्हाला जाता येणार नाही, तुम्ही जमा आहात. मग थोडा विचार करून त्यांनी गेटपास फाडला, 'माणूस, एक नग, परत आणण्याच्या बोलीवर', कपाटाला कुलूप घातलं, वही काखेत मारली आणि स्वतः माझ्यासोबत निघाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खिडकी बंद केली, असं आम्हाला ट्रकमधून सुनावणीला नेणारे दादा म्हणाले.

सभागृहात खुर्च्या चाळीस आणि माणसं नऊ. अध्यक्षबाईंना सडकून सर्दी झालेली. चौकीचे साहेब पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीत. नियमांची काही गरजच नाही, ते म्हणाले, आमचं काम चोख आहे, प्रत्येक गाडी मी जातीने बघतो आणि मगच सही करतो. माझा शर्ट ऑइलने काळा झाला होता म्हणून मी अंगाभोवती एक पडदा घेतला होता. (अस्तर आतल्या बाजूला, काळजी नको.) त्या थाटात मी उठलो आणि म्हटलं, बाई, मला शिकलेलं बोलता येत नाही, नववीच्या पुढे शाळेचं आणि माझं पटलं नाही. पण या दोन कागदांचं आपसात पटतं का, एवढं बघा. एकावर लिहिलंय, गाडीत कोणी नव्हतं. दुसऱ्यावर, त्याच आवाराच्या यादीत, माणूस एक.

अध्यक्षबाईंनी दोन्ही कागद बघितले, शिंकल्या, पुन्हा बघितले. "हा माणूस कुठे आहे?"

"हा काय," कारकूनबाई म्हणाल्या. "सोबत आणलाय. चालू स्थितीत आहे."

मग अध्यक्षबाई साहेबांकडे वळल्या. "सही तुमची?" माझीच. "कधी केलीत?" साहेब गडबडले आणि खरं तेच तोंडातून गेलं, सकाळी. "आणि गाडी उचलली दुपारी तीनला. म्हणजे दुपारी कुठली गाडी बंद पडणार ते तुम्हाला सकाळीच कळतं? मग हायवेवर कशाला उन्हातान्हात, पत्रिका बघायला बसा की!" नऊच माणसं होती, पण हसली नव्वदांसारखी. टोचनदादांनी तर कानातला बोळा काढून शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या.

आत्या, तिथून पुढे मी सांगत गेलो आणि लेखनिक उतरवत गेला. ज्याला मास्तरांनी शुद्धलेखनासाठी ओणवं केलं, त्याने सरकारला मजकूर सांगितला! पोलिसाने गाडीपाशी येऊन, बघून, तिथल्या तिथे सही करायची, कोरी सही केली तर घरी बसायचं. गाडीत आत बघायचं, पडदे असतील तर पडदे उचलून बघायचं. टोचनवाले पाळीपाळीने बोलवायचे. बंद पडलेली गाडी चालक म्हणेल तिथे न्यायची, वाकणावर अडथळा करून ठेवलेली मात्र आवारात. आवारात सावलीला बाक हवा, पाठ टेकायला हवी. गाडी उचलली की टोचनवाल्याने मालकाच्या घरी जाऊन हातात कागद द्यायचा आणि मालक वाचून सही करेपर्यंत थांबायचं. गाडी परत द्यायची ती मालकाच्याच हाती, भलत्यासलत्याच्या नाही. आणि कोणाचीही ओळख चालणार नाही. हे शेवटचं वाक्य मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. अध्यक्षबाईंनी आमच्या रस्त्यावर सगळं लगोलग लागू केलं, आणि हुकूम काढला की निळी गाडी आणि पडदे तत्काळ सोडावेत.

काल बाक आला. तुझे पडदे एकूण एक सुखरूप आहेत. तू म्हणायचीस ना, या पोराच्या हातून एक काम धड होणार नाही? बघ आता, हायवेला वळण लावलं तुझ्या भाच्याने.

तुझा,
भिंगरी

ता.क. गाडीचं थोडं सांगायचं राहिलं. काल गाडी ताब्यात घेऊन मी सरळ वसतिगृहाकडेच निघालो होतो. पण वाटेत वाकणावर नव्या नियमांचा बोर्ड रंगवत होते. आपला मजकूर आत्या, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत! मी थांबलो. रंगाऱ्याचा हात वरपर्यंत पुरत नव्हता, म्हणून शिडीवर चढलो. (रंगकामाचा अनुभव आहेच.) खाली बघतो तर टोचन. पण काय सांगू, काय ते काम! साहेब स्वतः आले, घाम पुसत, गाडीभोवती फिरले. दादांनी बेचाळीसच्या बेचाळीस पडदे एकेक उचलून बघितले आणि घड्या घालून ठेवले. सही तिथल्या तिथे झाली. मी शिडीवरून म्हटलं, दादा, मी आहे! तर त्यांनी बोर्डावरच्या, रंग अजून ओला असलेल्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं. ऊर भरून आला. नव्या नियमांनी उचललेली पहिली गाडी आपली आहे, पावती क्रमांक एक. बाक छान आहे. पाठ टेकते.

दुसरं ता.क. तेव्हा त्या गृहस्थांच्या हातातल्या कागदावर सही कर आणि गाडीची कागदपत्रं घेऊन त्यांच्याबरोबरच ट्रकमधून ये. खिडकीकडे बस. रेडिओ बारीक करा म्हटलं तर करतात. येताना वसतिगृहाला कळव की पडदे आज संध्याकाळी नक्की, तू स्वतः सोबत आहेस म्हणून.

तिसरं ता.क. आणि एक. कारकूनबाईंनी आत्ता जुनी वही उघडून दाखवली. हुकुमात गाडी आणि पडदे सोडा असं होतं, माणसाचं कोणी लिहिलंच नाही. त्यामुळे 'माणूस, एक' अजून जमा आहे आणि त्याच्यापुढची मालकाची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, खोडून टाका. त्या म्हणाल्या, खोडता येत नाही, कोणीतरी येऊन घेऊन जावं लागतं. तर आत्या, गाडीपुढे सही करशील तेव्हा त्या खालच्या ओळीपुढेही करशील का? शेऱ्याचा रकाना मोकळा आहे. तू लिहिशील तो शेरा मान्य.