उलटोबाची पाठ

३ मार्च

आमच्या जुन्या गेम कंपनीचे साहेब बोलले! इतकी वर्षं त्या गेमचं नाव निघालं की कानांवर हात ठेवणारा माणूस, आज मुलाखतीत सांगतो — "नायकाला उलटं चालवायची कल्पना माझीच. मुद्दाम केलेला प्रयोग होता तो."

प्रयोग! माझा चहा अंगावर सांडला.

खरं काय ते इथे तरी लिहिते. पाणबुड्याच्या सिनेमावरून गेम करायचा होता. सिनेमावाल्यांनी हातात एक पोस्टर टेकवलं आणि अट घातली — यावर दिसतं तेवढंच काढायचं. पोस्टरवर पाणबुड्या समोरून. पाठीवर हवेची नळकांडी एक की दोन, कुणी सांगेना. सिनेमाचं गुपित म्हणे! चित्रं काढायचं काम माझ्याकडे होतं. पाठ काढायची नाही ना? मग दाखवायचीच नाही, असं मी ठरवलं. म्हणून आमचा गडी तोंड आपल्याकडे ठेवून, उलटाच, बुडालेल्या जहाजाचे जिने उतरतो.

सिनेमा पडला. गेमचं हसं झालं. साहेबांनी सगळं खापर माझ्यावर फोडून मला घरी बसवलं.

४ मार्च

आता पोरं त्याच गेमवर जीव टाकतात. 'उलटोबा' म्हणतात त्याला. माझ्या चित्रकलेच्या वर्गातली एक मुलगी उलटोबाचा टी-शर्ट घालून आली. म्हटलं, "हा मी काढलाय." ती म्हणाली, "बाई, तुम्ही पण ना!"

७ मार्च

उलटोबावाल्यांचा मेळावा आहे. पाहुणे कोण, तर साहेब. मी जाणार!

ताई फोनवर — "जगातला सगळ्यात वाईट गेम मीच केला, हे सांगायला जाणारेस? डोकं फिरलंय का तुझं?"

हो, फिरलंय. शिव्या मी खायच्या आणि टाळ्या त्यांनी घ्यायच्या? चूक माझी आहे. ती मी कुणाला देणार नाही.

८ मार्च

आज बाबांना जिना उतरताना बघत बसले. कारखान्यात गुडघा गेला तेव्हापासून ते असेच उतरतात. तोंड वरच्या पायऱ्यांकडे, हात कठड्याला. डावा पाय मागे नेऊन पायरी चाचपायची, मान वळवून एकदा बघायचं, मग उजवा.

उलटोबाची चाल ती हीच. तेव्हा दारात बसून गुपचूप कागदावर उतरवली होती. बाबांना कधी बोलले नाही. तुमच्या लंगडण्यावर जग हसतंय, हे कुठल्या तोंडाने सांगू? मेळाव्यातही सांगणार नाही. त्यांच्याशिवाय भांडेन.

११ मार्च

बाबांना यायचंच आहे! "लेकीचं काम बघायला बापाने जायचं नाही?"

"तिथे पायऱ्या आहेत, बाबा."

"मग? पायऱ्या मला चावतात का?"

१४ मार्च

उद्या. बाबांना घेऊन जाणार.

१५ मार्च

मोठं सभागृह, पायऱ्यापायऱ्यांच्या रांगा. आत शिरायचं दार वरच्या बाजूला, म्हणून बाबांना तिथेच शेवटच्या रांगेत बसवलं. साहेबांनी 'माझा प्रयोग' सुरू केला आणि मी सरळ मंचावर चढले. माईक घेतला. "हा मी काढलाय. प्रयोगबियोग काही नव्हता. पाठ काढायची परवानगी नव्हती, एवढंच!"

साहेब गोड हसले. "या आमच्याकडे रंग भरायच्या."

सगळे हसले. कुणीतरी ओरडलं, "पुरावा दाखवा!"

पुरावा शेवटच्या रांगेत बसला होता. मी तिकडे बोट दाखवलं नाही.

१६ मार्च

काल पुढचं लिहायचं राहिलं.

लोक हसत होते तेव्हा बाबा उठले. कठडा धरला, तोंड फिरवलं आणि माझ्याकडे यायला निघाले. डावा पाय चाचपत, मान वळवून, मग उजवा. हसणं रांगेरांगेने थांबत गेलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "उलटोबा!" सगळं सभागृह उभं राहिलं. मला इतकी वर्षं काढू न दिलेली पाठ एकेक पायरी माझ्याकडे येत होती.

खाली पोचून बाबा वळले. धाप लागली होती. "तुला हसत का होते गं हे? आणि आता उभे का राहिलेत?"

माईक हातातच होता. सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

बाबांनी मंचामागच्या पडद्यावर जिना उतरणाऱ्या उलटोबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "डावा पाय बरोबर काढलायस."